मदत हवी आहे: रविवारची उपासना सोमवारी कुठे जाते?

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. रविवारी मंडळीत (चर्चमध्ये) गाताना मन खरंच भरून येतं. सोमवारी सकाळी मात्र प्रार्थनेला डोळे मिटले, की तिसऱ्या वाक्याला फोन वाजतो आणि 'आमेन' घाईघाईत उरकलं जातं. पवित्र शास्त्र (बायबल) उशाशीच असतं, त्यातली खुणेची फीत महिनाभर स्तोत्र 34 वरच आहे!

बायबलमधल्या रोमकरांस पत्र 12:1 मध्ये प्रेषित पौल आपली शरीरंच जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करायला सांगतो. तिथला मूळ ग्रीक शब्द 'लात्रेया', म्हणजे सेवा आणि उपासना दोन्ही. मग भांडी घासणं, हिशेब लिहिणं हीसुद्धा उपासना होऊ शकते, हे डोक्याला पटतं. हाताला अजून पटलेलं नाही. 17व्या शतकात पॅरिसच्या मठातले ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात काम करता करता देवाच्या सान्निध्यात राहायचे म्हणतात. त्यांना फोन नव्हता, हेही खरं.

बायबलमधल्या दानिएल संदेष्ट्यासारख्या दिवसातून प्रार्थनेच्या तीन ठरलेल्या वेळा पाळून पाहिल्या. चार दिवस जमलं, पाचव्या दिवशी चुकलं आणि अपराधी वाटून सगळंच सोडलं.

तर विचारायचं असं, की तुम्ही वेळ ठरवता की कामातच छोट्या प्रार्थना करता? खंड पडला की पुन्हा सुरुवात कशी करता? आणि घरातली लहान मुलं कंटाळणार नाहीत अशी कौटुंबिक प्रार्थना किती मिनिटांची असावी? कृपया 'विश्वास वाढवा' एवढंच लिहू नका, तुमच्या घरी प्रत्यक्ष काय चालतं ते सांगा.