भयकथा वाचणारे अजून लहानच आहेत म्हणे!

रातकिडा: परवा 'विवेकवादी' यांनी इथे लिहिलं की भयकथा हे अर्धवट वयातलं वाचन आहे. चाळिशीनंतरही नारायण धारपांच्या भयकथा वाचणारा एक तर मोठा झालेला नसतो, नाही तर मनातून भुतं मानणारा असतो. सोडून देणार होतो, पण दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय.

माझं वय बावन्न. भुतांवर काडीचा विश्वास नाही. चाळीत वाढलो. संडास गॅलरीच्या टोकाला, मधला दिवा कायम गेलेला. लायब्ररीचं पुस्तक सकाळी परत द्यायचं म्हणून रात्री एकला संपवायचं, आणि नेमकं तेव्हाच जायची वेळ यायची. तेवीस पावलं, मोजलेली आहेत. तिथे पोचेपर्यंत टमरेलातलं पाणी हिंदकळून अर्ध्यावर आलेलं असायचं. भूत नाही हे पक्कं माहीत, तरी पाय उचलत नाहीत, यातच सगळी गंमत आहे. माझी आजी भुतं मानायची. ती असलं पुस्तक घरात ठेवू द्यायची नाही, उंबऱ्याबाहेर चपलांशेजारी काढून ठेवायची. खरं मानणारा माणूस भयकथेच्या वाटेला जातच नाही हो!

आणि कथाच का, कादंबरी का नाही? कादंबरीत शंभर पानांनंतर भूत घरचं होतं. कथा वीस पानांत आपल्याला आत घेते आणि लेखक कडी न लावता निघून जातो. रत्नाकर मतकरींच्या कित्येक भयकथांत तर भूत नसतंच. आपल्यासारखंच घर, आपल्यासारखीच माणसं, आणि त्यातला एकजण जरा जास्तच गोड बोलतो.

विवेकवादी: लेख छान, मुद्दा शून्य. दाभोलकरांचा खून झाला तेव्हा कुठे २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, आणि तुम्ही टमरेल सांगताय. धारपांचे समर्थ कोण? संकट आलं की सिद्धपुरुष हजर. ही बुवाबाजीची जाहिरात नाही तर काय? शिवाय 'लुचाई' सरळ स्टीफन किंगवरून घेतलेली. म्हणजे भीतीसुद्धा आयात.

रातकिडा: समर्थांचं मान्य. समर्थ आले की माझीही भीती जाते आणि छान झोप लागते. म्हणून मला त्यांच्या समर्थ नसलेल्या कथा जास्त आवडतात. जाहिरातीचं मात्र साफ अमान्य. डिटेक्टिव्ह कथा वाचून किती जणांनी खून केले?

कुडाळकर: तुमचं चालू द्या, माझं दुखणं वेगळं आहे. सगळी भुतं कोकणातच का? २०१८ चा 'तुंबाड' घ्या. सुचला धारपांच्या 'आजी' कथेवरून, नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीतल्या गावाचं, पडद्यावरचा वाडा सासवडचा. भूत तुमच्याकडचं, वाडा तुमचा, बदनाम आमचा खेड तालुका! त्याआधी २०१६ पासून टीव्हीवर ती 'रात्रीस खेळ चाले' मालिका, आमच्याच आकेरीचा वाडा. आम्ही आमचं गावचं घर विकायला काढलं होतं. पुण्याचं गिऱ्हाईक आलं, विहीर बघितली, मागचा पिंपळ बघितला, आणि बाई हळूच म्हणाल्या, "इथे काही... आहे का हो?" काकांनी थट्टेत सांगितलं, "आसा, पण तरास देना नाय." गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. पुढे फोनही उचलला नाही.

वऱ्हाडी ठेचा: तुमच्या वाट्याले भुतं तरी आली राजेहो. मराठवाड्याले भानामती भेटली. आमच्या इदर्भाची गोष्ट निघाली का थेट दुष्काळ!

पेठेतला: कुडाळकर, उगाच कांगावा नको. गणपतीला मित्राच्या गावी गेलो होतो. पहिल्या रात्री त्याच्याच आजोबांनी अंगणात बसवून देवचाराची गोष्ट सांगितली, वर विचारलं, लघवीला एकटा जाशील ना? पाहुण्यांना घाबरवायची हौस तुमचीच, आणि रडायचं पुण्याच्या नावाने.

कुडाळकर: देवचार म्हणजे भूत नव्हे! तो आमचा राखणदार आहे, गावची सीमा राखतो. वर्षाला आम्ही त्याला रोट देतो. माहिती नसेल तर तोंड उघडू नये.

विवेकवादी: बघा! रोट! मी दुसरं काय म्हणत होतो?

कुडाळकर: तुम्ही सोसायटीच्या वॉचमनला दिवाळी देता ना? मग गप्प बसा.

निशिगंध: भांडण झालं असेल तर मूळ विषयाला येते. आईच्या शेवटच्या दुखण्यात तीन आठवडे दवाखान्याच्या बाकावर होते. बहिणीने विनोदी पुस्तक आणून दिलं, ते उघडवेना. मग जुन्या दिवाळी अंकांतल्या भयकथा वाचायला लागले, 'नवल', 'धनंजय', मिळेल ते. रोज एक, नर्सने नाव पुकारेपर्यंत संपणारी. आतल्या खोलीत जे चाललं होतं ते कधी संपेल हे कोणीच सांगत नव्हतं. कथेचं निदान शेवटचं पान दिसायचं. यात कुठे बालिशपणा आहे ते विवेकवादींनी सांगावं.

विवेकवादी: तुमच्यापुरतं मान्य. रातकिडांच्या टमरेलाबद्दल माझं मत तेच आहे.

रातकिडा: उपकार झाले. पण तुम्ही धारपांचं शेवटचं काय वाचलंत, ते तर सांगा.

विवेकवादी: नववीत. नाव आठवत नाही. रात्री टेबलावर पालथं ठेवायचो, एवढं आठवतं.

रातकिडा: पालथं का?

विवेकवादी: मुखपृष्ठ भडक होतं म्हणून.

वऱ्हाडी ठेचा: हो हो, म्हणूनच असन!

कुडाळकर: ते सगळं राहू दे. घर अजून विकायचं आहे. सात गुंठे, बारमाही विहीर, चार आंबे. पिंपळ तोडून टाकलाय.