उपचारानंतरही किट पॉझिटिव्ह का येते?
कोर्स पूर्ण झाला, ताप गेला, तरी आठवड्याने केलेली मलेरियाची किट पुन्हा पॉझिटिव्ह आली, म्हणजे गोळ्या लागू पडल्या नाहीत का, असं एकाने विचारलंय. गडचिरोलीत असताना दर पावसाळ्यात हाच प्रश्न यायचा. बहुतेक वेळा तसं काही नसतं. किटला जंतू दिसत नाही, ती त्याची प्रथिनं पकडते. फाल्सिपेरम या मलेरियाच्या जंतूचं एचआरपी-२ हे प्रथिन जंतू मेल्यावरही काही आठवडे रक्तात रेंगाळतं. म्हणून औषध लागू पडलं का ते बघायला स्लाइडच हवी, म्हणजे काचपट्टीवर रक्त घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधायचे. (ताप परत आला असेल तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.)

पण स्लाइड तपासणाऱ्यापर्यंत पोचली तर ना! नाल्याला पूर आला की ती तिथेच पडून. तेव्हा आशाताईच्या पिशवीतली किटच कामाला येते. बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब, मग बफर (किटसोबतचं द्रावण), आणि पंधरा-वीस मिनिटं वाट. नेमकी ही वाट बघवत नाही. एका ताईंनी पाच मिनिटांतच 'काही नाही' म्हणून पोराला घरी धाडलं, आणि सामान आवरताना बघतात तर फिकट गुलाबी रेघ. धावत जाऊन आणलं त्याला. रेघ फिकट असली तरी पॉझिटिव्हच धरायची. दुसऱ्या दिवशी उमटलेली मात्र धरायची नाही. आणि 'सी'ची (कंट्रोलची, म्हणजे किट नीट चालली हे दाखवणारी) रेघच आली नाही तर किट बाद, दुसरी फोडा. उन्हात तापलेल्या जीपमध्ये खोकी ठेवली की किट खराब व्हायचा धोका असतो.