मोबीचे फोटो: नजरेची कमाई की नावाची?

रात्रपाळी (धागाकर्ता)
मोबी, तो अमेरिकन इलेक्ट्रॉनिक संगीतकार, म्हटलं की १९९९चा 'प्ले' अल्बम आठवतो. २०११ साली त्याने 'डिस्ट्रॉइड' अल्बम काढला आणि सोबत त्याच नावाचं छायाचित्रांचं पुस्तक. मुखपृष्ठावर न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरचा रिकामा कॉरिडॉर आहे, वर दिव्यांची पाटी. बेवारस सामान नष्ट केलं जाईल, अशी ती सूचना. पाटी इतकी लहान की एका वेळी एकच शब्द मावायचा. 'नष्ट', म्हणजे इंग्रजीतला 'डिस्ट्रॉइड', आला आणि मोबीने कॅमेऱ्याचं बटण दाबलं. दौऱ्यावरचा एकटेपणा मला त्याच्या गाण्यांपेक्षा या फोटोत जास्त भिडला. माझ्या मते तो अस्सल छायाचित्रकार आहे.

उजेडवाला
असहमत. पंधरा वर्षं लग्नं-मुंजींचे फोटो काढून घर चालवतोय. स्वतःसाठी म्हणून पहाटे ससून डॉकला जातो. एका गॅलरीला त्यातले वीस प्रिंट पाठवले होते. आठ महिन्यांनी पाकीट परत आलं, चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. मोबीचं पाकीट कुणी असं परत केलं असतं का? भिंती मोजक्याच असतात हो. एक त्याला मिळाली की एक आमच्यातल्या कुणाची तरी जाते.

रात्रपाळी
तुमच्यावर अन्यायच झाला. पण मोबीने लहानपणीच कॅमेरा हातात घेतला होता, कॉलेजातही फोटोग्राफी शिकला. आणि त्या पुस्तकात स्टेजवरून टिपलेली गर्दी बघा. कार्यक्रमाच्या फोटोग्राफरला बहुतेक ठिकाणी पहिली तीनच गाणी मिळतात, तीही स्टेजखाली, गर्दीकडे पाठ करून. हजारो चेहरे समोरून बघायची जागा फक्त वाजवणाऱ्याची!

उजेडवाला
जागा मिळाली म्हणजे नजर आली असं नाही.

जुनी कॅसेट
तुम्हा दोघांनाही जॉन फॉक्सची आठवण करून देतो. अल्ट्राव्हॉक्स या ब्रिटिश बँडचा पहिला गायक. १९७९ला बँड सोडला, १९८०ला 'मेटामॅटिक' आणला. सिंथेसायझरच्या गारठ्यात भिजलेला अल्बम, माझा फार लाडका. १९८५नंतर संगीत बाजूला ठेवून तो ग्राफिक कलेकडे वळला, तेही डेनिस ली या स्वतःच्या मूळ नावाने. रश्दींच्या 'द मूर्स लास्ट साय'चं मुखपृष्ठ त्याचंच. अर्धी मुंबई आहे त्या कादंबरीत, पण मुखपृष्ठ करणारा कधीकाळचा गायक आहे हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होतं? पुढे १९९७ला 'कॅथीड्रल ओशन्स' आला. त्यात आवाजावर प्रतिध्वनीचे थर आहेत, आणि त्यासोबतच्या चित्रांत दगडी चेहऱ्यांवर झाडापानांचे. दोन्हीकडे हात एकच.

उजेडवाला
हे माहीत नव्हतं. ओळखीचं नाव उतरवून ठेवलं, याला माझा मनापासून नमस्कार. मोबीनेही हेच करायला हवं होतं, हे माझं मत कायम.
विमानतळाचा फोटो मात्र काल रात्री पुन्हा उघडला. मी असतो तर चौकटीत एखादा प्रवासी येईपर्यंत थांबलो असतो. तो थांबला नाही. ते बरोबर केलं त्याने.