मदत हवी आहे: भांडणं मराठीत, समुपदेशन हिंदीत

घर इंदूरला, रामबागेत. मी इथलाच, बायको सांगलीची, लग्नाला ११ वर्षं. मारहाण, दारू, बाहेरचं प्रकरण, यातलं काही नाही. आहे तो अबोला, चार-चार दिवसांचा. निरोप नऊ वर्षांच्या मुलीमार्फत: "बाबांना सांग, नर्मदेचं पाणी आलंय, मोटर लावायचीय."

दीड महिना फॅमिली थेरपीला जातोय. फायदा नाही असं नाही. दुसऱ्या वेळी बाईंनी मुलीलाही बोलावलं आणि विचारलं, "मम्मी-पापा बात नहीं करते, तब दादी क्या करती हैं?" मुलगी म्हणाली, "टीवी की आवाज़ बढ़ा देती हैं." आम्ही दोघं एकदम हसलो. किती दिवसांनी, ते आठवून लगेच गप्पही झालो. मग बाईंनी कागदावर त्रिकोण काढला: दोघांतला ताण सोसवेना की तिसऱ्याला मध्ये ओढलं जातं. मुलीची खुर्ची आमच्या मधून उचलून बाजूला ठेवली. तेव्हापासून निरोप बंद. पाण्याची वेळ आता मीच बघतो.

अडचण भाषेची. बाई हिंदी बोलणाऱ्या. मी हिंदी शाळेत शिकलेला, मुद्देसूद बोलतो. बायकोचं हिंदी भाजीवाल्याशी झकास, पण रडू येतं ते मराठीत. परवा ती सांगत होती, "मी पोळ्या लाटायला गेले की आई म्हणतात, 'असू दे, मी करते.'" हिंदीत त्याचं झालं "रहने दो, मैं कर लेती हूँ". बाईंना ते प्रेमळ वाटलं! आमच्याकडे त्या 'असू दे'नंतर दोन दिवस ओट्याजवळ उभं राहायची सोय नसते. एकूण मीच शहाणा ठरलो. जिना उतरताना बायको म्हणाली, "तिथेसुद्धा तूच जिंकतोस."

मराठी समुपदेशक ऑनलाइन शोधावा का? की मीच दुभाषा होऊ? आणि आईला कसं न्यायचं? ती म्हणते, "मला काय वेड लागलंय?"

प्रतिसाद १
दुभाषा अजिबात होऊ नका. तिचं म्हणणं तुमच्याच तोंडून गेलं तर जिन्यातलं वाक्य खरं ठरेल. मी वडोदऱ्यात हेच काम करते. त्रिकोणाची कल्पना अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांची, मुलीला विचारला तसला प्रश्न इटलीतल्या फॅमिली थेरपिस्टांच्या मिलान गटाच्या पद्धतीतला. बाईंना काम येतंय, घाईने सोडू नका. आमचं काम निवाडा देण्याचं नाही, त्यामुळे खोलीत कुणी जिंकत असेल तर तेच बोलायचा विषय. जिन्यातलं वाक्य पुढच्या वेळी तिला मराठीतच बोलू द्या. कळलं नाही तर बाई तिलाच विचारतील, तुम्हाला नाही. आईंना 'उपचार' म्हणू नका. नातीबद्दल बाईंना त्यांच्याकडून काही समजून घ्यायचंय म्हणा, आणि ते खरंच आहे.

प्रतिसाद २
वहिनींना मधेच एकटीने मराठीत बोलावंसं वाटलं तर टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मोफत आहे. थेरपीच्या जागी नव्हे, जोडीला.

धागाकर्ता
आभार. बायकोला धागा दाखवला. "'असू दे' बरोबर लिहिलंस," एवढंच म्हणाली. गुरुवारी जातोय. आईलाही विचारलं. म्हणाली, "बाई मराठी नाहीत? मग घरातलं काय हिंदीत बोलायचं!"