लिनक्स कर्नलमधला मेमरीचा क्रॅश: प्रिंट-के पुरतो की कासान हवंच?

ऊप्सवाचक:
काल इथे एकाने लिहिलं, "मेमरीचा क्रॅश असेल तर प्रिंट-के टाका आणि ऊप्स नीट वाचा. कोड वाचता येत नाही त्यांनाच कासान लागतं." (नव्यांसाठी: प्रिंट-के म्हणजे कर्नलच्या कोडमध्ये टाकलेली, लॉगमध्ये संदेश छापणारी ओळ; ऊप्स म्हणजे कर्नल चुकला की तो छापतो तो एरर रिपोर्ट; कासान म्हणजे मेमरीचा चुकीचा वापर जागीच पकडणारं कर्नलमधलं हत्यार.) डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. आमच्या ड्रायव्हरच्या रिमूव्हमध्ये, म्हणजे ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या कोडमध्ये, स्ट्रक्चर फ्री व्हायचं (त्याची मेमरी सोडली जायची), पण टायमर चालूच राहायचा. तोवर ती मेमरी दुसऱ्याला मिळालेली, आणि टायमर तिच्यात लिहायचा. क्रॅश मात्र दिसायचा फाइलसिस्टीममध्ये. तीन आठवडे आम्ही तोच कोड चाळत बसलो. प्रिंट-के टाकला की टायमिंग बदलायचं आणि क्रॅश गायब! शेवटी कासान लावून कर्नल बिल्ड केला. पहिल्याच रिपोर्टमध्ये तीन स्टॅक, म्हणजे फंक्शन-कॉलच्या साखळ्या: मेमरी कुणी घेतली, कुणी सोडली, सोडल्यावर कुणी हात लावला. दुरुस्ती एका ओळीची. २०१५ साली कर्नल ४.० मध्ये आलेलं हत्यार आहे हे. ते न वापरण्यात कसली मर्दुमकी?

जुनंखोड:
ती पोस्ट माझीच. आमच्या बोर्डावर ५१२ एमबी रॅम. त्यातला आठवा हिस्सा, म्हणजे ६४ एमबी, कासानच्या शॅडोलाच, म्हणजे मेमरीची नोंद ठेवायच्या जागेलाच, जातो. वर वेग मार खातो तो वेगळाच. गिऱ्हाइकाच्या कारखान्यात बसलेल्या डब्यात हे कसं घालू? तिथून फक्त सीरियल कन्सोलवरचा ऊप्स येतो. तो वाचता यायलाच हवा.

ऊप्सवाचक:
मग केफेन्स लावा, कासानचाच हलका भाऊ, कर्नल ५.१२ पासून आहे. अधूनमधून एखादंच ॲलोकेशन (मागून घेतलेला मेमरीचा तुकडा) पहाऱ्यात ठेवतं, वेगाला जवळपास धक्का नाही.

जुनंखोड:
शंभर मिलिसेकंदांनी एक! हजारो सर्व्हर असतील तर सापडेल. आमचे डबे चाळीस. नशिबाच्या भरवशावर किती दिवस बसू?

रॅमतपासनीस:
दोघंही आधी रॅम तपासा हो! स्लब म्हणजे कर्नलचा मेमरी वाटणारा भाग; पॉयझनिंग चालू असलं की तो फ्री झालेल्या मेमरीत ६बी हा बाइट भरून ठेवतो. माझ्या स्लबच्या रिपोर्टमध्ये ६बी ६बी ६बीच्या रांगेत एकच ६ए आलाय. एक बिट उलटलं, म्हणजे रॅम खराब. ईसीसी (उलटलेलं बिट आपोआप सुधारायची सोय) नसलेल्या स्वस्त रॅमने आमचे महिने खाल्लेत, आणि बोलणी खायची सॉफ्टवेअरवाल्यांनी.

कोल्हापूरची:
थांबा, दादा. फ्री झालेल्या ऑब्जेक्टचा रेफकाउंट (किती जण तो वापरताहेत त्याची मोजणी) कुणी एकने कमी केला, तरीही ६बीचा ६एच होतो. याच गैरसमजात मी दोनदा रॅम बदलली होती. तुमचा ६ए दर वेळी त्याच ऑफसेटला, म्हणजे ऑब्जेक्टच्या सुरुवातीपासून तितक्याच अंतरावर, येतो का?

रॅमतपासनीस:
तिन्ही डंपमध्ये २४. म्हणून काय झालं? मेमटेस्ट (रॅमची चाचणी) केल्याशिवाय मी रॅमला सोडणार नाही.

कोल्हापूरची:
खुशाल करा. पण खराब बिट दर वेळी नेमकं ऑब्जेक्टच्या चोविसाव्या बाइटवर कसं येईल? तिथे कुठलं फील्ड आहे तेवढं बघा.

रॅमतपासनीस:
पाहिलं. केरेफ आहे, म्हणजे कर्नलचा तोच रेफकाउंट. एरर पाथमध्ये पुट, म्हणजे मोजणी एकने कमी करणं, दोनदा होतोय. पण ईसीसीबद्दल बोललो ते खरंच आहे.

जुनंखोड:
बघा, कासानशिवाय सापडलं!

ऊप्सवाचक:
स्लबचं पॉयझनिंग चालू होतं म्हणून सापडलं. नुसत्या प्रिंट-केने काय दिसलं असतं?

जुनंखोड:
पॉयझनिंगला मी कधी नाही म्हटलं? बरं, टेस्टच्या बोर्डावर लावून बघतो तुमचं कासान. गिऱ्हाइकाकडे नाही म्हणजे नाही.