मदत हवी आहे: नवख्यांना मधपेटी हाताळायला द्यायचीय, पण सातेरी (आपली देशी मधमाशी) उडून जातेय

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, शेवटपर्यंत वाचा प्लीज.

आमच्याकडे जावळी तालुक्यात परसात सातेरीच्या ९ पेट्या आहेत. महाबळेश्वरच्या मध संचालनालयात ट्रेनिंग घेऊन मी सुरुवात केली त्याला ६ वर्षं झाली. २०२२ ला महाबळेश्वरजवळचं मांघर मधाचं गाव म्हणून जाहीर झालं ना, तेव्हापासून पुण्यासाताऱ्याची ओळखीतली लोकं सारखी विचारायची की आम्हाला एकदा पेटी बघायचीय, जमलं तर एखादी ठेवायचीय. रीतसर कोर्स पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संस्थेत असतात पण कोर्सला नाव घालायच्या आधी आपल्याला हे झेपेल का एवढंच बघायचं असतं त्यांना. म्हणून यंदा दिवाळीनंतर दर रविवारी सकाळी ३ तासांचं सत्र सुरू केलं. आधी अंगणात रिकाम्या पेटीवर सगळं समजवायचं, खालचा पिल्लांचा कोठा कुठला, वरचा मधाचा कुठला, चौकट उभीच का धरायची (आडवी केली की ताजा मध गळतो आणि कोवळं पोळं तुटतं), आणि मग तोंडावर जाळी घालून भरल्या पेटीवर.

माझं ठाम मत आहे की चौकट ज्याची त्याने हातात धरलीच पाहिजे. एक ताई पहिला तासभर जांभळीखालीच लांब उभ्या होत्या, त्यांच्या हातात चौकट दिली, उन्हाकडे पाठ करून तिरपी धरायला लावली आणि घरांच्या तळाशी तांदळाच्या कणीपेक्षा बारीक अंडी दिसली तशा त्या बोलायच्याच थांबल्या. परवा त्यांचा फोन आला, पेटी कुठे मिळेल म्हणून. लांबून दाखवलं असतं तर हे झालं नसतं.

आता अडचण. २ पेट्या शांत म्हणून प्रत्येक वेळी त्याच उघडल्या, सलग ४ रविवार, दर वेळी ७-८ जण भोवती. पाचव्या आठवड्यात बघते तर एक पेटी रिकामी!! मेणकिडा नाही, मुंग्या नाहीत, पोळ्यात पिल्लू एकही नाही आणि मध पार संपवलेला, म्हणजे त्यांचं जायचं आधीच ठरलं होतं आणि माझ्या लक्षातच आलं नाही. फार वाईट वाटलं. सातेरीला सारखी ढवळाढवळ चालत नाही हे माहीत असून मी केलं.

दुसरं म्हणजे एका कॉलेजच्या मुलाला मनगटावर डसली, त्याने काटा चिमटीत धरून ओढला आणि डंखाच्या वासाने अजून ३ माश्या आल्या. नुसती सूज आली, पण आमच्याकडून मोठा दवाखाना पाऊण तासावर आहे. आता मी आधीच सांगते की नखाने खरवडून लगेच काढा, अत्तर आणि गडद कपडे नकोत. ॲलर्जीचं पण विचारते, पण ज्याला कधी डसलीच नाही तो काय सांगणार?

तर अनुभवी मंडळींनी सांगा, एक पेटी किती दिवसांनी उघडलेली चालते आणि एका वेळी माणसं किती? दोन-तीन चौकटीच काढून लगेच बंद केलं तर चालेल का? कोणी म्हणतं शिकवायला मेलीफेराची (युरोपियन मधमाशीची) पेटी ठेव, ती पोळ्यावर शांत बसते, सातेरीसारखी सरसर पळत नाही. पण इथे पावसाळ्यात फुलोरा नसतो, तिला पोसायचं कसं, आणि ज्यांना पुढे सातेरीच पाळायचीय त्यांनी सातेरीवरच शिकावं असं मला वाटतं. काचेच्या पेटीचं पण सुचवलं एकाने, लहान मुलांसाठी ठीक आहे, पण हातात धरायचं राहूनच जातं. कोणी डॉक्टर असतील तर त्यांनी सांगा, अशा ठिकाणी जवळ काय ठेवावं आणि कुठल्या लक्षणांवर गाडी काढायचीच?

येत्या रविवारी ४ जण येतायत, त्यांना नाही म्हणवत नाहीये. पण त्या दोनातली उरलेली पेटी उघडायची माझी हिंमत होत नाही. बाकीच्या ७ मधली, जी या हंगामात कुणी हाताळली नाही, ती काढू का?