रीफ टँकच्या ट्यूब: कॅलेंडर बघून बदलायच्या की मीटर बघून?

जुवारीकाठ, चिखली

टी-५ ट्यूब (बारीक फ्लुरोसंट ट्यूब) दर नऊ महिन्यांनी बदलायच्या, वर्ष झालं म्हणजे उशीर झाला, हे रीफ टँक, म्हणजे कोरल (जिवंत प्रवाळ) वाढवायची खाऱ्या पाण्याची टाकी, ठेवणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं जातं. दुकानदार तेच सांगतो, मुंबईचे जाणकार मित्रही तेच. मला हा नियम मान्य नाही. गोव्याच्या हवेत तो पाळून आपण धडधाकट ट्यूब फेकतो आणि उजेड जिथे खरा अडतो ती जागा तशीच राहते. ट्यूब मोजून बदलाव्यात, तारीख बघून नाही.

उजेड अडतो तो ट्यूबखालच्या अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीवर. वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) आणि स्किमर (फेसाने घाण काढणारं यंत्र) यांचे बुडबुडे फुटून खाऱ्या पाण्याचे बारीक शिंतोडे वर उडत राहतात. पाणी सुकतं, मीठ राहतं. पावसाळ्यात तर हवेत इतकी ओल असते की ते मीठ धड कोरडंही होत नाही, पट्टीवर दुधी पापुद्रा धरतो. ट्यूब चालू असताना झगमगाटात तो दिसत नाही. फिटिंगचा प्लग काढा, पट्टी उतरवून खिडकीपाशी तिरकी धरा आणि बोट फिरवा. बोट गेलं तेवढी रेघ स्वच्छ, बाकी सगळं धुरकट. ट्यूबमागच्या रिफ्लेक्टरचीही तीच गत, आणि ट्यूबचा जवळपास निम्मा उजेड वर जाऊन रिफ्लेक्टरवरूनच खाली येतो हे आपण विसरतो.

पुसताना आधी आरओच्या पाण्याने भिजवून मीठ विरघळू द्यायचं, मग मऊ फडक्याने टिपायचं. सुकं घासलं की चरे पडतात. चुन्यासारखे डाग राहिले तर पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर. स्पिरिट किंवा काच पुसायचा फवारा अ‍ॅक्रिलिकला लावूच नका, बारीक तडे जातात.

दुसरी गोष्ट उष्णता. टी-५ ट्यूब भोवतालची हवा साधारण ३५ अंश असताना सर्वांत जास्त उजेड देते. त्याच्या वर गेलं की उजेड उतरतो. एप्रिल-मेमध्ये पंखा नसलेल्या बंद लाकडी झाकणात तापमान कुठच्या कुठे जातं. अशा वेळी ट्यूब संपली असं वाटतं, पण ती फक्त तापलेली असते.

पार मीटर, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा ४०० ते ७०० नॅनोमीटरचा प्रकाश मोजणारा मीटर, सगळ्यांना परवडत नाही. साधा लक्स मीटर परवडतो. नवी ट्यूब शंभर तास चालली की मोजा, आकडा आणि तारीख लिहून ठेवा. पुढे दर वेळी पट्टी पुसून, त्याच जागी, त्याच उंचीवर, ट्यूब लावल्यावर अर्ध्या तासाने मोजा. मूळ आकड्याच्या ८० टक्क्यांखाली उतरली की बदला, त्याआधी नाही.

खारवी, बायणा

साफसफाईचं सगळं पटलं. पण लक्स मीटरच्या भरवशावर कोरलचा जीव टांगता येणार नाही. तो मीटर माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने बनवलेला आहे. ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या उजेडाला तो सर्वांत जास्त दाद देतो, ४५० च्या निळ्याला जेमतेम. आणि कोरलच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवालं, झूझँथेली, नेमका तो निळाच भरपूर शोषून घेतात. ट्यूबच्या आतली निळा उजेड देणारी फॉस्फरची भुकटी बाकीच्या भुकट्यांच्या आधी थकते आणि तिचा रंग हिरव्याकडे सरकतो. म्हणजे कोरलचा घास कमी होत असताना तुमचा मीटर ‘सगळं ठीक’ म्हणत बसेल.

उजेड कमी पडला म्हणून कोरल दुसऱ्या दिवशी मरत नाही. आधी ते तपकिरी होतं, कारण आहे त्या उजेडात भागवण्यासाठी झूझँथेली आणि त्यांचं रंगद्रव्य वाढवतं. मग वाढ थांबते. आपल्या लक्षात येईपर्यंत पाऊस सुरू होतो, वीज जायला लागते, पाण्याचं तापमान वरखाली होतं, आणि आधीच खंगलेली कोरलची वसाहत त्यात जाते. तिच्यापुढे एका ट्यूबची किंमत ती काय?

मी सहापैकी तीन ट्यूब चवथीच्या आधी बदलतो, तीन शिमग्याच्या आधी. प्रत्येक ट्यूबला साधारण वर्ष मिळतं, लक्षात ठेवावं लागत नाही आणि सगळ्या एकदम बदलल्याने कोरलला जो उजेडाचा तडाखा बसतो तोही टळतो. ज्यांना मोजायला वेळ आणि अक्कल दोन्ही आहे त्यांनी जरूर मोजावं. बाकीच्यांना कॅलेंडरच वाचवतं.

शिंपली, पर्वरी

वर्ष की नऊ महिने, हा वाद मुळात कशासाठी? युरोपीय संघात सर्वसाधारण उजेडाच्या टी-५ आणि टी-८ ट्यूब बाजारात आणणं ऑगस्ट २०२३ पासून बंद झालं. त्याच वर्षी जिनिव्हाला मिनामाता कराराच्या बैठकीत सरळ फ्लुरोसंट ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायचं ठरलं. भारत त्या करारात आहे. हे घरा-ऑफिसातल्या ट्यूबबद्दल आहे, मत्स्यटाकीच्या खास ट्यूब त्यात धरलेल्या नाहीत, हे मला माहीत आहे. पण कारखाने चालतात ते साध्या ट्यूबवर. ते बंद झाल्यावर आपल्यासारख्या मूठभर लोकांसाठी निळ्या ट्यूब कोण काढणार आणि काय भावाने? आताच मुंबईहून मागवायच्या म्हणजे रात्रीच्या बसच्या डिकीतून येतात आणि एखादी फुटलेली निघतेच.

हिशोबही बघा. चार फुटी टाकीवर ५४ वॅटच्या सहा ट्यूब म्हणजे ३२४ वॅट. रोज दहा तास धरले तर महिन्याला ९७ युनिट. त्याच टाकीला १८० वॅटची एलईडी पुरते, ५४ युनिट. शिवाय कमी विजेची कमी उष्णता, म्हणून चिलरही (पाणी थंड ठेवणारं यंत्र) कमी चालतो. मे महिन्यात पाणी ३० अंशांच्या वर जाऊन तिथेच राहिलं तर कोरल झूझँथेली बाहेर टाकायला लागतं. तेव्हा डोक्यावर तापलेल्या ट्यूब नकोतच. ज्यांच्याकडे अजून मेटल हलाइड (फार तापणारे जुने दिवे) आहेत त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको.

माडांखाली, कोलवा

शिंपलीताई, पर्वरीच्या पठारावर एलईडी टिकत असेल, किनाऱ्यावर येऊन बघा. ५०,००० तास हा आकडा डायोडचा आहे, फिटिंगचा नाही, आणि तोही उजेड ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा. रोज दहा तासांनी साडेतेरा वर्षं होतात. इतकी वर्षं चाललेलं फिटिंग किनाऱ्यावर कुणाच्या घरी असेल तर मला येऊन बघायचं आहे.

आधी पंखा जातो. तो खारी हवाच आत ओढतो, हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये मीठ आणि धुळीचा लगदा बसतो, बेअरिंग कुरकुरायला लागतं आणि एक दिवस पंखा थांबतो. मग ड्रायव्हरमधले (एलईडीला वीज पुरवणाऱ्या भागातले) कपॅसिटर तापून तापून जातात. माझ्या फिटिंगमधली निळ्या दिव्यांची अख्खी माळ एका संध्याकाळी विझली. विक्रेत्याचं उत्तर: सुटा बोर्ड मिळत नाही, नवीन घ्या. इतके पैसे घालून घेतलेली वस्तू एका बोर्डासाठी भंगारात. ट्यूबचं तसं नाही. एक गेली तर पाच चालू असतात, बॅलास्ट (चोक) गेला तर इथेच मिळतो.

आणि सावलीचं काय? एलईडीचा उजेड ठिपक्यातून येतो. वसाहत मोठी झाली की वरच्या फांद्यांखालचा भाग अंधारात जातो आणि बुडाकडून मांस सोडायला लागतो. ट्यूब टाकीभर पसरलेली असते, तिचा उजेड सगळ्या बाजूंनी आत शिरतो.

शिंपली, पर्वरी

सावलीचं म्हणणं खरं आहे. त्यासाठी एकाऐवजी दोन लहान फिटिंग अंतरावर लावावी लागतात, किंवा एलईडीच्या दोन्ही बाजूंना एकेक ट्यूब ठेवावी लागते.

पण बोर्ड गेला म्हणून फिटिंग टाकणं मला पटत नाही. माळ विझली म्हणजे बहुधा एकच डायोड गेलाय. एका रंगाचे डायोड मालिकेत जोडलेले असतात, एक तुटला की सगळे विझतात. मल्टिमीटरने तो सापडतो, आणि सोल्डरिंगचा हात असलेला मोबाइल दुरुस्तीवाला दुसरा बसवून देतो. म्हापशात मी करून घेतलंय. पंखे बहुतेक वेळा संगणकात असतात तसेच १२ व्होल्टचे असतात, माप आणि व्होल्ट जुळवून नवा लावता येतो. तो कुरकुरायला लागला की लगेच बदला, बंद पडायची वाट बघू नका. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर फिटिंग उघडून हीटसिंक मऊ ब्रशने झाडा. ड्रायव्हर वेगळा असेल तर तो टाकीवर ठेवू नका, लांब भिंतीवर, हवा लागेल असा लावा. आणि कुठलंही फिटिंग असो, वायर सॉकेटला जाण्याआधी सॉकेटपेक्षा खाली तिला झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न शिरता तिथून खाली ठिबकेल.

ट्यूब सोडून एलईडीवर येणाऱ्यांसाठी: निळा उजेड डोळ्यांना मंद वाटतो, कोरलला नाही. पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीवर लावून कितीतरी जणांनी कोरल पांढरं केलंय. निम्म्यावर सुरू करा आणि आठवड्याला पाच टक्क्यांनी चढवा.

नवशिका, डिचोली

मी आताच सुरुवात करतोय. झोअँथिड आणि मशरूम ही कोरल ठेवायची आहेत. त्यांना किती उजेड लागतो? वीज गेल्यावर लाइट इन्व्हर्टरवर घ्यावी का? ग्रँड आयलंडला डायव्हिंगला गेलो होतो तेव्हा तिथे सुटलेले तुकडे दिसले, ते आणले तर चालतात का?

जुवारीकाठ, चिखली

तिसऱ्याचं उत्तर आधी: नाही. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीने. सुटलेला तुकडाही उचलायचा नाही. ग्रँड आयलंडभोवती प्रवाळ टिकून आहे हीच मोठी गोष्ट आहे. चिखली-वास्कोच्या लोकांना पावसाळ्यातलं तिथलं पाणी माहीत आहे, मांडवी-जुवारीचा गाळ उतरला की हातभर खालचं दिसत नाही.

झोअँथिड आणि मशरूमना ५० ते १५० पार पुरतो, मशरूमना त्यातला खालचा आकडा. अ‍ॅक्रोपोरासारख्या कठीण कोरलना २०० ते ३५० लागतो, तिकडे सध्या वळू नका. इन्व्हर्टरवर वेव्हमेकर घ्या, लाइट नको. एक-दोन दिवस अंधार कोरल सहज सोसतं, पाणी थांबून प्राणवायू संपला तर काही तासांत टाकी जाते.

आता खारवी. निळ्या फॉस्फरचा मुद्दा बिनतोड आहे. निळ्या आणि अ‍ॅक्टिनिक (गडद निळ्या-जांभळ्या) ट्यूब लक्स मीटरच्या भरवशावर ठेवू नयेत, हे मान्य. पण म्हणून कॅलेंडर बरोबर ठरत नाही. तेही आंधळंच आहे. त्याला तुमची ट्यूब ३५ अंशांत चालली की ५० मध्ये, दिवसाला आठ तास चालली की बारा, पट्टी पुसली गेली की नाही, यातलं काहीच कळत नाही. पंखा असलेल्या फिटिंगमधली आणि बंद झाकणातली ट्यूब एकाच तारखेला संपते, हे मला कोणी पटवून द्यावं.

माझी सूचना अशी की आपण पाच-सहा जणांनी मिळून एक पार मीटर घ्यावा. काणकोणपासून पेडण्यापर्यंत कुठेही अर्ध्या दिवसात पोचतो, महिन्याला एका घरी राहील. घ्यायचा तर पूर्ण वर्णपटाचा सेन्सर असलेलाच, जुन्या पद्धतीचे सेन्सर निळा उजेड कमी दाखवतात.

माडांखाली, कोलवा

मी वर्गणी देतो. शिंपलीताईंनी सांगितलं तसं माळेचंही बघतो.

एक सांगायचं राहिलं. काढलेल्या ट्यूब नारळाच्या झावळ्यांबरोबर कोपऱ्यात फेकू नका, भंगारवाल्याला फोडायलाही देऊ नका. आत पारा असतो, आणि २०२२ च्या नियमांनुसार त्या ई-कचऱ्यात मोडतात. नव्या ट्यूबच्या पुठ्ठ्याच्या नळीत जुनी घालून अखंड ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांनाच द्या. चुकून फुटलीच तर पंखा बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, आणि काच झाडूने न झाडता जाड कागदाने गोळा करा.

खारवी, बायणा

मीटरला माझेही पैसे धरा. पण आधी ठरवून घेऊ. शिमग्याला काढलेल्या माझ्या तीन ट्यूब अखंड ठेवल्या आहेत, त्यातल्या दोन निळ्या आहेत. त्या वर्षभर चालल्या, पंख्याच्या फिटिंगमध्ये. मीटर आला की त्याच ब्रँडच्या, शंभर तास चाललेल्या नव्या ट्यूबशेजारी त्या एकेक करून लावू. नव्याच्या ८५ टक्क्यांच्या वर निघाल्या तर मी पंधरा महिन्यांवर जाईन. खाली निघाल्या तर तुम्ही निळ्यांच्या बरोबरीने पांढऱ्याही वर्षाला बदलायच्या.

जुवारीकाठ, चिखली

मान्य. फक्त तुमची एक आणि माझ्याकडची बंद झाकणात चाललेली एक, दोन्ही एकाच दिवशी एकाच फिटिंगमध्ये मोजायच्या. टाकी माझी वापरू, पट्टी आदल्या रात्री पुसून ठेवतो.